टाचेचा आवाज

रविवारी चर्चमधून आल्या आल्या लिओ बापाच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि डेलियानं बटाट्यांचं भांडं टेबलावर जरा जोरातच आदळलं.

मॅट हॅनिगन गेल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. भिंतीला पाठ लावून, सगळं टेबल नजरेखाली ठेवून जेवायची त्याची पद्धत. आता तिथे धाकटा मुलगा बसला होता, हात गळ्यात बांधून, प्लास्टरमधला खांदा उंच करून. अजून कशावर सही नाही, शिक्का नाही, तोवर हा खुर्ची धरून मोकळा! यात सुनेची फूस असणार, याबद्दल डेलियाला शंका नव्हती.

"बाकीच्या खुर्च्यांना काय काटे आलेत?" तिनं विचारलं.

लिओ तिच्या तोंडाकडे बघत राहिला, मग हसला. "इथून सगळे नीट दिसतात, आई."

"दिसणारच. तुझ्या बापालाही दिसायचे."

"बसू द्या ना, आई," इर्मा मध्ये पडली. "कडेला बसला की त्याच्या खांद्याला धक्का लागतो."

"मी कुठे ऊठ म्हणतेय, सूनबाई? बसा की. आज खुर्ची, उद्या नाव."

उद्याच तर सगळं होतं. स्टुडिओला सोमवारी सकाळी उत्तर हवं होतं. 'हॅनिगन' हे नाव मॅटनं मरताना बायकोच्या हवाली केलं होतं; ती ज्याला देईल तो हॅनिगन म्हणून पडद्यावर पडणार, आपटणार, मार खाणार. मुकी चित्रं होती तोवर प्रश्नच नव्हता, दोघे भाऊ मिळून एक हॅनिगन. पण चित्रं बोलायला लागली आणि कळलं, की धाकट्याचा आवाज भरदार आहे, आणि धिप्पाड थोरल्याचा आवाज अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा. स्टुडिओचं म्हणणं, आम्हाला एकटा लिओ द्या. डेलियानं तेव्हा त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. त्यानंतर शिडीचं प्रकरण झालं, आणि स्टुडिओनं तेच पुन्हा विचारलं.

थोरला ऑस्टिन सगळ्यांत शेवटी आला. आपल्याच आईच्या घरात टोपी हातात धरून उभा राहिला.

"बस," डेलिया त्याच्याकडे न बघता म्हणाली, आणि कोंबडीचा तुकडा त्याच्या ताटात पडला.

तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं, त्याला कारण होतं. ऑस्टिन तोंडावळ्यानं हुबेहूब बापावर गेला होता. आणि त्या बापानं पिट्सबर्गच्या थिएटरात आपल्या सख्ख्या भावाला, डॅनला, भर खेळात खांद्यावरून निसटू दिलं होतं. डॅन पुन्हा कधी धड चालला नाही. हाताला घाम होता, असं मॅट मरेपर्यंत म्हणत राहिला. डेलिया त्या वेळी खाली उभी होती आणि तिनं ते हात धरले होते. घाम नव्हता. टाळ्या डॅनला जास्त पडत होत्या, एवढंच होतं.

"खांदा कसा आहे?" ऑस्टिननं विचारलं.

"आहे जागेवर," लिओ म्हणाला.

"वा!" इर्मा ताटाकडे बघत म्हणाली. "ज्यांनी मोडला तेच चौकशी करतात. माणुसकी अजून आहे म्हणायची."

"इर्मा, मी टाच दिली होती."

"दिली असेल हो, भावजी. रस्त्यात कुठेतरी पडली असेल."

रंगाऱ्यांच्या चित्रात दोघे भाऊ एका दंतवैद्याचा दवाखाना रंगवायला जातात. ऑस्टिनच्या खांद्यावर लांबलचक शिडी. कोणीतरी त्याला हाक मारतं, तो गर्रकन वळतो, आणि शिडीचं मागचं टोक लिओच्या डोक्यावरून सपकन जातं, कारण नेमका त्याच वेळी लिओ पडलेली टोपी उचलायला वाकतो. लिओची पाठ शिडीकडे. वळून बघितलं तर हसू मेलं. म्हणून वळायच्या आधी ऑस्टिननं डाव्या पायाची टाच जमिनीवर ठोकायची. टाच आली की लिओनं वाकायचं. हॅनिगनांची पोरं बोलायच्या आधी ही टाच शिकायची. त्या दिवशी लिओ वाकला नाही. शिडी मानेखाली बसली, तो रंगाच्या डब्यांवर पालथा पडला आणि गळ्याशेजारचं हाड मोडलं.

लिओ म्हणाला, टाच आलीच नाही. ऑस्टिन म्हणाला, दिली. बाकी कोणाचं लक्ष नव्हतं. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून कॅमेरावाले काचेच्या पेटीत बंद, आणि ज्याच्या कानाला आवाजाचं यंत्र लावलेलं असतं त्या माणसाला आदळआपट सोसत नसे. शिडी फिरायच्या आधीच तो यंत्र कानांवरून काढून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत कुजबुज सुरू झाली, की थोरल्यानं धाकट्याला मुद्दाम पाडलं. ती कोणी सुरू केली, ते कोणालाच माहीत नव्हतं.

"एक विचारू, इर्मा?" ऑस्टिन म्हणाला. "त्याला पाडून मला काय मिळणार होतं? तो पडला की काम बंद. माझंही."

"ते मी कसं सांगू? तुमच्या घरात भाऊ पडायची रीत आहे, असं ऐकलंय."

डेलियाच्या हातातला काटा थांबला. डॅनची गोष्ट या बयेला कोणी सांगितली? लिओनंच असणार. कानामागून आली आणि तिखट झाली ती ही अशी.

"माझ्या टेबलावर मेलेल्या माणसांची उणीदुणी नकोत," ती म्हणाली. "कोबी घे कोणीतरी."

इर्मानं कोबी घेतला. सासूला वाटतं, ही नवऱ्याला नाचवते. नाचवणं दूर, नवरा तिच्याशी धड बोलतसुद्धा नव्हता. स्वयंपाकघरातून हाक मारावी, तर उत्तर नाही. अंथरुणात पाठीला पाठ लावून काही विचारावं, तर उत्तर नाही. समोर जाऊन उभं राहिलं की मग तेवढ्यापुरता गोड हसणार. सुरुवातीला तिला वाटलं, कामाचा शीण असेल. मग ती स्पॅनिशवाली आली.

बोलपट आल्यापासून एकच चित्र दोनदा करायचं: एकदा इंग्रजीत, मग त्याच शिड्या नि त्याच टोप्या घेऊन स्पॅनिशमध्ये. हॅनिगनांना स्पॅनिशचा गंध नाही, म्हणून शब्द घोकून घ्यायला सेन्योरा ओचोआ नावाची बाई ठेवली होती. ऑस्टिन फळ्यावरचे शब्द बघून पाठ करायचा. लिओ फळ्याकडे बघतच नसे. तो सेन्योराच्या ओठांकडे बघायचा, टक लावून, तासन्‌तास. इर्मानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यावर तिनं केलं एवढंच, की नवरा हातचा जायच्या आधी त्याचे करार-मदार आपल्या मुठीत घ्यायचे ठरवलं. त्यासाठी तिनं जे जे केलं, ते सगळं या टेबलावर सांगण्यासारखं नव्हतं.

"मला काहीतरी बोलायचंय," ॲग्नेस म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मॅटची ही मधली मुलगी स्टुडिओत फिल्मची जुळवणी करायची आणि घरात बहुधा गप्प असायची.

"शिडीचा तो तुकडा स्टुडिओनं बाद करून फेकला होता. मी त्याची प्रत काढून घेतली. चित्राचीही आणि आवाजाचीही. टाच आहे की नाही, ते ऐकता येईल."

"तू ऐकलंस?" डेलियानं विचारलं.

"नाही. सगळ्यांच्या समोर ऐकायचं ठरवलं."

"कात्री मात्र तुमच्याच हातात, वन्सं," इर्मा म्हणाली. "काय कापलं, काय चिकटवलं, आम्हा अडाण्यांना काय कळणार?"

"कळेल. दाखवीन ना."

ऑस्टिनचा चेहरा उजळला. लिओ आळीपाळीनं एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "काय आहे काय स्टुडिओत?" त्यानं विचारलं, आणि ॲग्नेसनं त्याच्याकडे वळून पुन्हा सगळं सांगितलं, तेव्हा त्याचा रंग उतरला. ते डेलियाच्या नजरेतून सुटलं नाही. चोराच्या मनात चांदणं, तिला वाटलं. पण चोर कोण, ते तिचं तिला ठरवता येईना.

*

जुळवणीची खोली म्हणजे पाच माणसांना दाटीवाटीनं उभं राहायलासुद्धा अपुरी. ऑस्टिननं सवयीनं खिशातून सिगार काढली.

"दादा, ठेव ती आत," ॲग्नेस म्हणाली. "इथे फिल्मवर एक ठिणगी पडली तर सगळे हॅनिगन एकदमच जातील."

"मग उद्याचा प्रश्नच मिटला," ऑस्टिन म्हणाला, आणि सिगार खिशात ठेवली.

टेबलावरच्या छोट्या यंत्रात एका बाजूनं चित्राची पट्टी जायची, दुसऱ्या बाजूनं आवाजाची. वर तळहाताएवढी काच, त्यात चित्र दिसायचं. खाली कर्ण्यातून आवाज यायचा. काचेपुढे एकाच माणसाला जागा. ॲग्नेसनं लिओला स्टुलावर बसवलं, बाकीचे त्याच्या पाठीमागे उभे राहिले.

आपण टाच दिली, याची ऑस्टिनला खात्री होती. पण या खात्रीला आता उंदीर लागले होते. आई ताटात वाढते आणि बघत नाही. स्टुडिओतले सुतार तो आला की बोलणं बदलतात. रोज अंथरुणात पडलं की तो तेवढाच क्षण पुन्हा जगायचा: हाक, टाच, वळणं. आणि इतक्या वेळा जगून झाल्यावर त्याला वाटायला लागलं होतं, की टाच आपण मागाहून घुसडत तर नाही ना? बापालाही घाम खरा वाटला असेल का? त्याला आवाज कोंबडीचा दिला होता देवानं. हातात होता तो हा एकच धंदा, आणि भाऊ हा एकच जोडीदार. उद्या नाव गेलं, तर हॅनिगन नसलेल्या ऑस्टिनला दारातसुद्धा कोणी उभं करणार नव्हतं.

"लावते," ॲग्नेस म्हणाली.

यंत्र खडखडलं. कर्ण्यातून खरखर आली, मग दंतवैद्याची हाक: "ओ रंगारी!" मग सगळं शांत. आणि त्या शांततेत, ठप्! मग शिडीची करकर, मग धडाम, डब्यांचा खणखणाट, कोणाचीतरी किंकाळी.

ऑस्टिननं भिंतीला हात टेकला. होती. टाच होती. त्याला रडू येईल की काय असं वाटलं.

"बघितलंत?" स्टुलावरून लिओ म्हणाला. त्याचा आवाज ठाम होता. "मी सांगत होतो. टाच नाहीच."



"पुन्हा लाव," डेलिया म्हणाली.

ॲग्नेसनं पट्टी मागे घेऊन पुन्हा लावली. हाक. शांतता. ठप्! करकर. धडाम.

"नाही ना?" लिओ म्हणाला. "आता तरी पटलं?"

"अरे, काय बोलतोस हे?" ऑस्टिन ओरडला. लिओ काचेत बघत राहिला.

इर्मा पुढे झाली. "जोडलंय हे. दुसरीकडचा आवाज आणून चिकटवलाय."

ॲग्नेसनं न बोलता आवाजाची पट्टी यंत्रातून काढून तिच्या हातात दिली. "बोट फिरवा वहिनी. सांधा असेल तर नखाला लागेल."

इर्मानं पट्टीवरून नख फिरवलं. इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. पट्टी गुळगुळीत होती.

"हाताच्या काकणाला आरसा कशाला?" ऑस्टिन म्हणाला. "तुझा नवरा खोटं बोलतोय. तोंडावर. आत्ता, या खोलीत!"

"पण इतकं कोण खोटं बोलेल?" ॲग्नेस हळूच म्हणाली. "सगळे ऐकत असताना?"

डेलिया केव्हाची जमिनीकडे बघत होती. "त्या दिवशी खाली काय होतं, ॲग्नेस? दवाखान्याच्या सेटवर?"

"खाली म्हणजे?"

"पायाखाली, पोरी."

"लाकडी फळ्या. नाही, थांब. आदल्या दिवशी बुटांचा फार आवाज येतो म्हणून त्यांनी फळ्यांवर जाड घोंगडी घातली होती. वरून मेणकापड."

डेलिया टेबलाला धरून उभी राहिली. "तुझा बाप आणि मी खेळ करायचो, तेव्हा बँडचा गोंगाट असायचा. टाच ऐकू यायचीच नाही कोणाला. ती कानांसाठी नव्हतीच. तळपायांना कळायची, फळ्यांतून." तिनं लिओच्या पाठीकडे पाहिलं. "पण सेटवर तर बँड नव्हता. घोंगडी असली तरी टाच कानांना ऐकू यायला हवी होती."

हे सगळं लिओच्या पाठीमागे दोन हातांवर चाललं होतं, आणि तो रिकाम्या काचेकडे बघत बसला होता. इर्मा त्याच्या मानेकडे बघत होती. स्वयंपाकघर. अंथरूण. सेन्योराचे ओठ. आज सकाळी चर्चमध्ये सगळे गुडघे टेकायचे, तेव्हा हा शेजारच्याचं बघून टेकायचा. असं नसेल, तिला वाटलं. असं असेल तर मी काय करून बसले!

ती एक पाऊल पुढे आली. लिओच्या अगदी मागे.

"लिओ," ती म्हणाली. दबक्या आवाजात नाही, रोजच्याच आवाजात. "स्टुडिओत जाऊन, भावजींनी तुला मुद्दाम पाडलं, असं मीच सांगितलं. तुला एकट्याला करार मिळावा म्हणून."

ॲग्नेसनं तोंडावर हात नेला. ऑस्टिनला पहिल्यांदा शब्द कळले, अर्थ नंतर कळला.

लिओ हलला नाही. बऱ्या हाताच्या नखानं तो काचेवरचा डाग खरवडत होता.

इर्मा रडायला लागली. त्याही आवाजानं तो वळला नाही. शेवटी काचेत कोणाची तरी सावली हलली, तेव्हा तो वळला, आणि चारही चेहरे बघून स्टुलावरून अर्धवट उठला.

"काय झालं? कोण काय म्हणालं?"

ऑस्टिन फिरून त्याच्या समोर आला. लहानपणापासून सेटवर तो लिओशी बोलताना त्याच्याकडे तोंड करून बोलायचा. खेळाची रीतच तशी होती. आता तो तसाच उभा राहिला.

"केव्हापासून ऐकू येत नाही तुला?"

लिओनं त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग डोळ्यांकडे. खूप दिवसांनी पहिल्यांदा डोळ्यांकडे.

"जवळून येतं," तो म्हणाला. "समोरून. हळूहळू कमी होत गेलं. सगळी चित्रं बोलायला लागली, तेव्हाच." तो हसायचा प्रयत्न करत होता. "काय पण मुहूर्त!"

"आणि टाच?"

"फळ्यांतून कळायची. त्या दिवशी नाही कळली. पडता पडताच लक्षात आलं, की तू दिली असणार. तू कधी चुकला नाहीस, दादा."

"मग तू आलीच नाही का म्हणालास?"

"डॉक्टर, डायरेक्टर, सगळे वाकून विचारत होते, का वाकला नाहीस. काहीतरी सांगायला हवं होतं. मला वाटलं, चार दिवसांत विसरतील."

ऑस्टिनला आजवर कधी वाटलं नव्हतं, ते आत्ता वाटलं: शिडी असती तर या वेळी खरंच मारली असती. "मी वेडा व्हायची वेळ आली होती," तो म्हणाला. "आई माझ्याकडे बघत नव्हती. मलाही आणि आईलाही मी डॅनकाकाला पाडणाऱ्या बापासारखाच वाटत होतो. आणि तू समोर बसून बटाटे खात होतास."

हे तो फार भरभर बोलला. लिओला अर्धं कळलं असावं, पण चेहऱ्यावरून सगळं कळलं.

इर्मा डोळे पुसून लिओच्या समोर गेली. ऑस्टिनला बाजूला व्हावं लागलं. मघाशी जे ती त्याच्या पाठीला म्हणाली होती, ते तिनं त्याच्या तोंडावर सांगितलं, ओठ नीट हलवत, एकेक शब्द. मध्येच लिओ म्हणाला, "पुन्हा सांग, कळलं नाही," आणि तिला ते पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ते जास्तच वाईट वाटत होतं.

"तू गेलीस? त्यांच्याकडे?"

"तू बोलतच नव्हतास माझ्याशी," ती म्हणाली. "मला वाटलं, त्या बाईच्या नादी लागलास."

"कोणत्या बाईच्या?"

यावर एरवी घरभर हशा झाला असता. कोणी हसलं नाही.

डेलिया थोरल्याकडे वळली. आज सकाळपासून तिनं प्रथमच त्याच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं, आणि तो चेहरा बघायला तिला जड गेलं. "उद्या काय सांगायचं, ते मी नाही ठरवणार," ती म्हणाली. "तुझ्यावर संशय घेतला मी. मॅटचं पाप तुझ्या माथी मारलं. नाव तुझं आहे. एकट्यानं ने, दोघांनी न्या, नाहीतर टाकून द्या."

ऑस्टिन दाराकडे गेला. त्याला बाहेर जाऊन ती सिगार ओढायची होती. लिओ एकटा उभा राहिला तर आठवडाभरात उघडा पडेल, हे त्याला कळत होतं. समोर तोंड करून बोलणारा कोणीतरी त्याला लागणार, आणि इतकी वर्षं तो कोणीतरी आपणच होतो. त्यात काही उपकार नव्हता. पण ते कळत असूनही राग जात नव्हता. सगळ्यांकडे पाठ करून, कडीवर हात ठेवून तो म्हणाला, "येईन मी उद्या."

"मला काय सांगतोस?" डेलिया म्हणाली. "ज्याला सांगायचं, त्याला सांग."

ऑस्टिननं कडी सोडली. मग तो वळला, दिव्याखाली आला आणि लिओसमोर उभा राहिला.

"उद्या येईन मी. पण मी तुला पाडलं नाही, हे स्टुडिओला तू सांगायचंस. का वाकला नाहीस, तेही. तुझ्या तोंडानं."

"सांगितलं तर काढतील मला."

"मला तर काढलंच होतं."

लिओनं मान खाली घातली. ती पुन्हा वर येईपर्यंत सगळे थांबले, कारण खाली बघणाऱ्या लिओशी आता कोणाला बोलता येणार नव्हतं.

"सांगतो," तो म्हणाला. "पण दादा, तू त्या वेळी माझ्या शेजारी नको उभा राहूस. समोर राहा. ते काय म्हणाले, ते मला तुझ्याकडून कळू दे."